जुनं उकरून काढलं तर हे पुन्हा पिणार नाहीत ना?

"मॅडम, यांनी दारू सोडून सात महिने झाले. आता सगळं सुरळीत होईल असं वाटलं होतं. पण हे रात्ररात्र जागे असतात, झोपेतून ओरडत उठतात, जरा दार आपटलं तरी अंगावर येतात. आता म्हणे यांच्या लहानपणाबद्दल बोलायला हवं. मला भीती वाटते हो. ते सगळं उकरून काढलं आणि हे पुन्हा प्यायला लागले तर?"

व्यसनातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या घरून हा प्रश्न मला सतत येतो. कधी बायको विचारते, कधी आई, कधी तो माणूस स्वतःच. म्हणून या जोडप्याच्या परवानगीने त्यांची हकीकत इथे सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी उत्तर सांगते. जुन्या जखमेबद्दल बोलल्यामुळे माणूस पुन्हा प्यायला लागतो, असं नाही. तयारी नसताना, घाईने आणि एकट्याने त्यात शिरला तर मात्र तो घसरू शकतो. म्हणजे या बाईंची भीती निराधार नव्हती. पण काहीच न बोलता दिवस ढकलायचे, यातही तेवढाच धोका आहे, आणि तो धोका त्या सात महिने घरात रोज पाहतच होत्या.

लहानपणाबद्दल मी सुरुवातीला काहीच विचारलं नाही. आधी त्यांच्या नवऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. दारू सुटल्यावर झोप बिघडणं, चिडचिड होणं, अस्वस्थ वाटणं हे काही महिने चालू शकतं, आणि त्याचं कारण दर वेळी बालपणात नसतं. स्वप्नांचंही तसंच. दारूमुळे झोपेतला स्वप्नांचा टप्पा दाबला जातो. ती बंद झाली की तो टप्पा उसळून परत येतो आणि स्वप्नं फार ठळक पडायला लागतात. पण यांना एकच स्वप्न पुन्हापुन्हा पडत होतं, आणि ते दारूच्या आधीपासूनचं होतं. मधली वर्षं ते दबून राहिलं होतं, इतकंच.

ते पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची थोडी फिरवून घेतली. दार समोर दिसेल अशी. मी काही बोलले नाही. "माझ्या लहानपणात विशेष काही नाही," ते म्हणाले. "मार सगळ्यांनाच पडायचा." हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. विशेषतः पुरुषांच्या.

पुढे हळूहळू जे बाहेर आलं ते असं. वडील पीत. संध्याकाळी ते घराकडे येत असले की हा मुलगा पावलांवरून ओळखायचा की आजची रात्र कशी जाणार. पाऊल सरळ पडत असेल तर ठीक. घसटत येत असेल तर धाकट्या भावाला घेऊन आतल्या खोलीत जायचं, रेडिओ बंद करायचा आणि भिंतीला टेकून बसायचं. बाहेर आईला मार बसायचा. एकदा तो मध्ये पडला, तेव्हा त्याचा हात मोडला. डॉक्टरांना सांगितलं गेलं की जिन्यावरून पडला. त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता, आणि त्यानंतर तो पुन्हा कधी मध्ये पडला नाही. चाळिशी ओलांडल्यावरही त्यांना सगळ्यात जास्त बोचत होतं ते हेच. मार खाल्ल्याचं दुःख नंतरचं. आपण आईला वाचवलं नाही, ही लाज आधीची.

"सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर पहिल्यांदा प्यायलो," ते म्हणाले. "बाकीच्यांना मजा आली. मला काय झालं सांगू? कान शांत झाले."

व्यसनाबद्दल मी जे काही शिकले, त्यातलं बरंचसं या एका वाक्यात आहे. सतत धोक्यात वाढलेल्या मुलाच्या मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा कायम जागी राहायला शिकते. ॲमिग्डाला हा भाग चटकन पेटतो, ताणाची संप्रेरकं वरचेवर वाढतात, आणि थांबून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग त्या वेळी मागे पडतो. घर सुटतं, वडील म्हातारे होतात, तरी शरीर पहाऱ्यावरच असतं. मेंदूतली उत्तेजना थोपवणारं 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. दारू त्याचा परिणाम वाढवते. जन्मात कधी सैल न पडलेल्या माणसाला पहिल्याच पेल्यात सैलपणा मिळतो. बाकीच्यांसाठी ती चैन असते, याच्यासाठी ते औषध ठरतं. पण रोजच्या दारूला मेंदू सरावतो, मग तेवढ्याच आरामासाठी जास्त लागते, आणि उतरली की पहारा आधीपेक्षा कडक होतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खान्त्झियन यांनी 1985 साली हाच विचार मांडला होता: माणूस मौजेपेक्षा असह्य वेदना शमवण्यासाठी नशेकडे वळतो. सगळी व्यसनं यात बसत नाहीत. पण माझ्यासमोर बसलेल्या या गृहस्थांचं पिणं त्यात नेमकं बसत होतं.

त्यांना पटायला मात्र वेळ लागला. "म्हणजे मी बापावर ढकलायचं का?" त्यांनी रागाने विचारलं. तेव्हा मी त्यांना 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या चमूने अमेरिकेत हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरात कुणाचं व्यसन, कुणाचा मानसिक आजार, कुणाला झालेला तुरुंगवास. यातले चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात दारूचं व्यसन असण्याची शक्यता, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे सातपट होती. ते बोटांवर मोजत होते. चार बोटं झाल्यावर थांबले आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिले.

त्यांच्या पत्नीने मग तो प्रश्न विचारला, जो बहुतेक घरांत कुणी ना कुणी विचारतंच: "भावजी पण त्याच घरात वाढले. ते तर थेंबही घेत नाहीत." खरं आहे. शक्यता वाढते याचा अर्थ ते कपाळी लिहिलेलं असतं असा होत नाही. दारूच्या व्यसनाच्या जोखमीत अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा मानला जातो, आणि सख्ख्या भावांनाही आईवडिलांकडून नेमकं तेच सगळं मिळत नाही. शिवाय घर एक असलं तरी दोघांचं बालपण एक नव्हतं. धाकट्याला आतल्या खोलीत घेऊन बसणारा थोरला भाऊ होता. थोरल्याला तसं कुणी नव्हतं. घरात एक जरी भरवशाचं माणूस असलं तरी मुलाला किती आधार होतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. हे बोलल्यावर त्या बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही भावजींना वाचवलंत." ते काहीच बोलले नाहीत, पण नऊ वर्षांच्या त्या मुलाबद्दलचं त्यांचं बोलणं त्या दिवसापासून बदललं.

आता मूळ भीतीकडे येते. व्यसनमुक्तीच्या कामात वर्षानुवर्षं एक रीत होती: आधी बराच काळ नशेपासून दूर राहून दाखवा, मनाच्या जखमांचं मग बघू. हेतू चांगला होता. पण ज्याची जखमच त्याला पेल्याकडे ढकलते, तो तेवढा काळ काढणार कसा? 2012 साली ऑस्ट्रेलियात व्यसन आणि आघातानंतरचा मानसिक त्रास, दोन्ही असलेल्या 103 जणांवर एक चाचणी झाली. त्यातल्या काहींना दोन्हींवर एकत्र उपचार मिळाले. त्यात आघाताच्या आठवणींना सामोरं जाण्याची थेरपीही होती. त्यांचा आघाताचा त्रास इतरांपेक्षा जास्त कमी झाला आणि त्यांचं व्यसन त्यामुळे वाढलं नाही.

क्रम मात्र पाळावा लागतो. आम्ही अनेक आठवडे भूतकाळाला हातही लावला नाही. फक्त शरीर ताळ्यावर आणायचा सराव केला. छाती धडधडायला लागली की दोन्ही तळवे जमिनीला घट्ट टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, श्वास सोडताना तो घेतल्यापेक्षा लांबवायचा. "हे पोरखेळ वाटतात," ते म्हणाले. तरी करत राहिले. रात्री ओढ लागली तर कुणाला फोन करायचा, ते कागदावर लिहून ठेवलं. ओढ कमी करणारं औषध डॉक्टरांनी सुरू केलं होतं, ते चालूच ठेवलं. हे सगळं अंगवळणी पडल्यावर त्या मोडलेल्या हाताच्या रात्रीबद्दल आम्ही बोललो. एका वेळी थोडंच. सेशन संपायच्या बरंच आधी विषय थांबवायचा, आणि ते पूर्ण आजच्या दिवसात परत आल्याशिवाय त्यांना घरी पाठवायचं नाही, हा माझा नेम आहे.

मधेच एकदा त्यांच्या पत्नीने सहज सांगितलं की मुलगी बाबांची चाहूल लागली की टीव्हीचा आवाज कमी करते. बाबा आता पीत नाहीत, तरी करते. ते ऐकताना त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मुलीवर कधी हात उचलला नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण कान देऊन बसणं म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पुढच्या वेळी आल्यावर त्यांनी सांगितलं की मुलीशी बोललो, तू घाबरायचीस तेव्हा तुझं काही चुकत नव्हतं, असं म्हणालो. आपल्या बापाकडून हे वाक्य त्यांना कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

पुढे ते एकदा प्यायले. ते उकरून काढण्यामुळे झालं का? मी बारकाईने पाहिलं. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला होता, आणि थोरला म्हणून यांनीच त्यांना घरी आणावं असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवलं होतं. ज्या माणसाच्या पावलांनी यांची झोप उडवली, त्याला आता आधार देऊन चालवायचं होतं. तिसऱ्या रात्री ते प्यायले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन केला. आधीच्या वर्षांत एकदा घसरले की महिना महिना ते थांबत नसत, कारण लाज वाटायची आणि ती लाज बुडवायला पुन्हा दारू लागायची. या वेळी ते एका रात्रीवर थांबलं.

"माफ करायलाच पाहिजे का त्यांना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, आणि या बाबतीत मी ठाम आहे. क्षमा कुणाला आतून आली तर चांगलंच आहे, पण बरं होण्याची ती अट नाही. आजारी माणसाची सोय लावणं वेगळं आणि आपलं अंगण त्याच्यासाठी उघडं करणं वेगळं. शेवटी भावांनी मिळून ठरवलं: वडील धाकट्याकडे राहतील, दिवसा मदतनीस असेल, खर्च दोघे वाटून घेतील. नातेवाईक बोलले. बोलू दे.

त्यांच्या पत्नीशी मी वेगळं बोलले. नवऱ्याचं बालपण समजलं म्हणून त्यांनी स्वतः सोसलेल्या वर्षांचा राग गिळून टाकावा, असं मला मुळीच वाटत नाही. त्या वर्षांची जबाबदारी नवऱ्याचीच आहे, आणि आता ते ती नाकारत नाहीत. बाई स्वतःसाठी वेगळ्या समुपदेशकाकडे जातात.

तुमच्या घरी असंच काही चालू असेल तर मदत शोधताना काही गोष्टी विचारून घ्या. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का? लहानपणाबद्दल विचारतात का, आणि "आज नको" म्हटलं तर ऐकतात का? गटात सगळ्यांसमोर सगळं सांगायची सक्ती करतात का? ओरडून, अपमान करून, डांबून 'सुधारणाऱ्या' जागांपासून आपल्या माणसाला लांब ठेवा. ज्याच्या लहानपणी तेच झालं, त्याला तिथे पुन्हा तेच भोगावं लागतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, कारण झटके येऊ शकतात आणि भ्रमाची अवस्था जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. आणि जुन्या आठवणींवर काम चालू असताना तो जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.