थंडीत स्पोर्ट्स कार : आधी टायर बघा, मग इंजिन

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न थंडीचेच आहेत. उसाचं गाळप सुरू झालंय, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या कडेला दव गोठल्याचे फोटो मोबाईलवर फिरायला लागलेत, आणि आपल्याकडं आता स्पोर्ट्स कार ठेवणारी मंडळी पण वाढलीत, म्हणून यावेळी अख्खं सदर याच विषयाला देतोय. साधी हॅचबॅक असेल त्यांनी पण वाचा, निम्म्या गोष्टी तुमच्या गाडीला पण लागू होतात.

प्रश्न : दादा नमस्कार. मी मागच्या वर्षी सेकंडहँड दोन सीटर कन्व्हर्टिबल घेतली, मागच्या चाकांना पॉवर असलेली. रनिंग एकदम कमी, टायरची नक्षी अजून नव्यासारखी. रविवारी सकाळी सहाला यवतेश्वर घाटातनं कासकडं जातो, तर पहिल्या दोन-तीन वळणांना गाडी मागनं सुटते असं वाटतं, परत येताना काहीच होत नाही. अलाइनमेंट केलं, सस्पेन्शन दाखवलं, सगळे म्हणतात गाडी ओके आहे. मग होतंय काय? – एक वाचक, सदरबझार, सातारा

उत्तर : गाडी ओकेच असणार. जाताना सुटते आणि येताना नाही, यातच तुमचं उत्तर आलं बघा. जाताना टायर गार असतात, येताना गरम झालेले असतात.

स्पोर्ट्स कारला जे रुंद टायर येतात ते उन्हाळी टायर असतात, म्हणजे त्यांचं रबर गरम झाल्यावर रस्ता धरायला बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की हे रबर कडक पडायला लागतं आणि पकड कमी होते, परदेशात थंडीचे टायर बदलायचा जो हिशोब करतात तो याच ७ अंशांवर. आता तुम्ही म्हणाल साताऱ्यात कुठं ७ अंश, इथं दहा-बाराच्या खाली पारा क्वचित जातो. बरोबर आहे, पण घाट चढून वर पठारावर गेलात की गारठा वेगळा, सावलीतल्या वळणावर दवानं ओला झालेला रस्ता वेगळा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायरचं वय.

नक्षी नव्यासारखी आहे म्हणताय, पण टायर कधीचा आहे ते बघितलंय का? सेकंडहँड स्पोर्ट्स कारमध्ये लोक हमखास इथंच फसतात. उद्या सकाळी एक काम करा, मोबाईलचा टॉर्च लावून टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी (DOT) अशी अक्षरं शोधा, त्याच ओळीच्या शेवटी एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. समजा २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. काही टायरवर हे आकडे फक्त एकाच बाजूला असतात, बाहेरनं दिसले नाहीत तर गाडी लिफ्टवर घेऊन आतली बाजू बघायला लागेल. चारही टायर वेगवेगळ्या सालचे निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सहा वर्षांच्या वरचा टायर असेल तर नक्षी कितीही खोल असू दे, माझ्या मते तो घाटात घेऊन जायचा नाही. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, उन्हानं, हवेनं, नुसतं शेडमध्ये उभं राहून सुद्धा. नक्षीच्या खाचेत अंगठ्याचं नख दाबून बघा, नव्या टायरच्या शेजारी धरलं की फरक लगेच कळतो, आणि बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसल्या तर मग विचारच करू नका, बदला.

दुसरं म्हणजे हवा. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दोन पीएसआयनं उतरते. तुम्ही दुपारी बत्तीस अंशात, वर गाडी चालवून गरम झालेल्या टायरमध्ये ३२ भरून घेता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बारा अंशात तीच हवा २८ किंवा त्याच्याही खाली सापडते. मग कमी हवेचा, गार पडलेला, म्हातारा टायर आणि त्याच्यावर तुमचं ते जोरदार इंजिन, मागचं चाक सुटणार नाही तर काय होणार. पंपवाल्यावर अवलंबून राहू नका, चांगला गेज आणि बारा व्होल्टचा छोटा पंप डिकीत ठेवा, आणि घरनं निघायच्या आधी, गाडी हलवायच्या आधी हवा बघा. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा हा गार टायरचाच असतो, आणि पुढचा-मागचा आकडा बऱ्याचदा वेगळा असतो.

आणि पहिले आठ-दहा किलोमीटर सरळ साध्या गाडीसारखी चालवा. यवतेश्वरचा घाट शहराला लागूनच सुरू होतो, टायरला गरम व्हायला रस्ताच मिळत नाही, म्हणून आधी गावातनं किंवा हायवेच्या सर्व्हिस रोडनं एक शांत चक्कर मारून मग घाटाला लागलात तर उत्तम. वळणात अर्ध्यावर ॲक्सिलेटर दाबायचा नाही, गाडी सरळ झाल्यावर दाबायचा. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक सुटायला लागलं की इंजिनची ताकद आवरणारी यंत्रणा, ती बंद करायचं तर नावच काढू नका, कासच्या रस्त्यावर सकाळी चालायला येणारी माणसं असतात, गुरं असतात, तो काही ट्रॅक नाही.

प्रश्न : सकाळी गाडी चालू करून दहा-पंधरा मिनिटं जागेवर गरम करावी का? मित्र म्हणतो थंडीत ऑइल जरा जाड टाक, इंजिन टिकतं. – एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही नको. जागेवर उभी असलेली गाडी फार हळू गरम होते, तोपर्यंत इंजिन जादा पेट्रोल ओढत असतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरनं ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट, आवाज जरा खाली बसला की निघायचं, पण हळू. स्पोर्ट्स कारवाले इथंच चुकतात, पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला की रेस करायला सुरुवात. पाणी आधी गरम होतं, ऑइल बरंच नंतर. तुमच्या गाडीत ऑइल टेम्परेचर दिसत असेल तर ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय जोरात पळवायची नाही, दिसत नसेल तर पाण्याचा काटा मध्यावर आल्यावर आणखी दहा मिनिटं धीर धरा.

आणि ऑइल जाड अजिबात नको. डब्यावर ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असा ग्रेड लिहिलेला असतो, त्यात पहिला आकडा जितका लहान तितकं ते गार असताना लवकर वाहतं, म्हणजे सेल्फ मारल्या मारल्या वरच्या कॅमपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत लवकर पोचतं. इंजिनची झीज चालू करतानाच्या त्या काही सेकंदात खूप होते. तिथं जुन्या जीपचं २०डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे पैसे देऊन नुकसान करून घेणं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि जे अप्रूव्हल लिहिलंय तेच, वर्ष झालं की बदला, किलोमीटर झाले नसले तरी.

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याचे, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यामुळं दोन पिढ्या लुधियानात. पोरानं फोर्डची सेकंडहँड मस्टँग घेतलीय, व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरची. इथं जानेवारीत पारा तीन-चारवर येतो आणि त्याला नाताळात मित्रांबरोबर मनालीला न्यायचीय. काय तयारी करावी? – एक वाचक, लुधियाना (मूळ गाव विटा)

उत्तर : लुधियानात चालवायला तयारी सांगतो, मनालीच्या पुढं मात्र नेऊ नका हे आधीच स्पष्ट सांगतो.

तीन-चार अंशात वर सांगितलेली टायरची गोष्ट दुप्पट लागू होते. त्या गाडीत स्नो-वेट असा मोड आहे, तो सकाळी वापरायला सांगा, ॲक्सिलेटर मऊ होतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल लवकर मध्ये येतं. पण मोडनं टायरला पकड येत नाही, तो फक्त चालवणाऱ्याचा पाय आवरतो. पाच लिटरचं इंजिन आणि सगळी ताकद मागच्या चाकांना, वजनाचा जास्त भार पुढं, बर्फात ही गाडी साध्या चढाला पण जागेवर चाक फिरवत बसेल. बर्फ पडला की मनालीच्या वर सोलंगपासूनच पोलीस फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) किंवा चाकांना बर्फाची चेन नसलेल्या गाड्या अडवतात. अटल बोगदा नऊ किलोमीटरचा आहे आणि तीन हजार मीटरच्या वर आहे, अलीकडं ऊन असलं तरी पलीकडं लाहौलच्या बाजूला रस्त्यावर काळा बर्फ असू शकतो, तो डोळ्याला ओल्या डांबरासारखाच दिसतो. रुंद टायरच्या गाडीला चेन लावायला आत जागा पण फार नसते. गाडी मनालीत हॉटेलला लावा आणि वर तिथल्या टॅक्सीनं जा, त्यात काही कमीपणा नाही.

निघायच्या आधी कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं द्रव, नक्की तपासा. आधीच्या मालकानं साधं पाणी टॉपअप केलेलं असण्याची शक्यता दाट आहे, आपल्याकडं सर्रास करतात. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही, पण नुसतं पाणी शून्याला गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि रात्रीत रेडिएटर किंवा थेट इंजिनचा ब्लॉक तडकतो. कूलंट तपासायचं छोटं मीटर मिळतं, गॅरेजवाल्याला त्यानंच बघायला सांगा, रंग बघून सांगितलेलं ऐकू नका. वायपरच्या टाकीत पण साधं पाणी नको. रात्री लावताना गियर पी मध्ये टाकून चाकाखाली दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, ओला असेल तर सकाळी गोठून चिकटतो. आणि काचेवर बर्फ साठला म्हणून कुणी गरम पाणी ओतायला आलं तर त्याला थांबवा, काच तिथल्या तिथं तडकते.

प्रश्न : गाडी महिन्यातनं दोनदाच निघते, थंडीत प्रत्येक वेळी बॅटरी बसलेली. – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसिव्हर, कॉम्प्युटर हे सगळं थोडं थोडं करंट खात असतं, आणि गारठ्यात बॅटरीची ताकद मुळातच कमी होते. बॅटरी मेंटेनर म्हणून छोटा चार्जर मिळतो, तो कायम लावून ठेवा, झाला प्रश्न. मल्टिमीटरवर रात्रभर उभी राहिलेली बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर निम्मी रिकामी. घरच्या इन्व्हर्टरच्या चार्जरनं किंवा ट्रॅक्टरवरनं केबल लावून चालू करायचा प्रयोग करू नका, आत महागडे मॉड्यूल असतात. आणि दर आठवड्याला नुसती पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करण्यापेक्षा पंधरा दिवसांनी मिरजेपर्यंत नीट फिरवून आणलेली केव्हाही चांगली, कारण अर्धवट गरम झालेल्या इंजिनात पाणी साठतं.

प्रश्न : पहाटे वाईहून पुण्याला निघतो. कृष्णाकाठच्या धुक्यात या बुटक्या गाडीतनं काहीच दिसत नाही. – एक वाचक, वाई

उत्तर : अप्पर लावू नका, धुक्यात तो प्रकाश परत आपल्याच डोळ्यावर येतो. डिपर आणि खालचे फॉगलाइट, आणि जर्मन गाडीला मागं लाल फॉगलाइट असतो त्याचं बटण शोधून ठेवा, धुकं गेल्यावर बंद करायला विसरू नका. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय का थांबलाय तेच कळत नाही. आतनं काच धरली तर थंडी असली तरी एसी लावा, हवा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत घ्या, एसी हवेतला दमटपणा काढतो.

पण मला खरी काळजी वाटते ती उसाच्या ट्रॉल्यांची. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि स्पोर्ट्स कारमध्ये आपलं डोकं बरोबर ट्रॉलीच्या तळाच्या उंचीला येतं. हे लिहिताना सुद्धा अंगावर काटा येतो. तुमचा वेग इतकाच ठेवा की जेवढं दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, मग तो ताशी तीस असला तरी चालेल. रस्त्यावर पाचट दिसलं, चिखलाचे पट्टे दिसले की समजा पुढं ट्रॉली आहे किंवा शेतातनं आत्ताच बाहेर आलीय, आणि त्या ओल्या पाचटावर रुंद टायर साबणावरून जावा तसा जातो. शक्य असेल तर उजाडल्यावरच निघा, एक तासानं काही बिघडत नाही. कारखान्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना पण हात जोडून सांगणं आहे, मागं रिफ्लेक्टरची पट्टी लावा, तिला फार पैसे लागत नाहीत.

प्रश्न : भाऊ, मला गाडीतलं काही कळत नाही. मुलगा म्युनिकला नोकरीला आहे, त्यानं स्पोर्ट्स कार घेतली आणि म्हणतो थंडीचे वेगळे टायर घ्यायला पैसे लागतील, आई. खरंच लागतात का? – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, खरंच लागतात, आणि तो मागतोय म्हणजे पोरगा शहाणा आहे. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर थंडीचेच टायर पाहिजेत असा कायदा आहे, नसतील तर ६० युरोपासून दंड. २०२४ च्या ऑक्टोबरपासून टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह असलेलेच चालतात, नुसतं एम प्लस एस (M+S, मड अँड स्नो म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेलं आता चालत नाही. तिथली माणसं ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हे टायर ठेवतात. त्याला सांगा, कंपनीनं परवानगी दिलेल्यातला एक साइज लहान रिम आणि जरा अरुंद टायर घे, बर्फात अरुंद टायर खाली रुततो आणि पकड घेतो, रुंद टायर वरच तरंगतो. फक्त लहान रिम पुढच्या मोठ्या ब्रेकला अडकत नाही ना ते आधी बघायचं. नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटर चालते पण ४ च्या खाली गेली की बदल म्हणावं, शेजारच्या ऑस्ट्रियात तर थंडीच्या टायरला ४ मिलिमीटरचाच नियम आहे, आणि म्युनिकहून पोरं सुट्टीला तिकडंच जातात. रस्त्यावर मीठ टाकतात तिथं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी गाडी खालच्या बाजूनं धुऊन घ्यायला पण सांगा, नाहीतर ब्रेकचे पाइप आणि नटबोल्ट गंजतात.