काळजात पानं, काळजावर पाण्याच्या पिशव्या

प्रश्न : दिवाळीपासून कळप तलावाच्या काठाला चारतोय. मेंढ्या खंगल्या, संध्याकाळी जबड्याखाली पाणी उतरतं, सकाळी ओसरतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊनही दोन दगावल्या. फाडल्यावर काळजात पानासारखे चपटे किडे दिसले, वरून पाण्याच्या पिशव्या लोंबत होत्या. औषध बोगस होतं का?
– मेंढपाळ वाचक, ता. माण

उत्तर : औषध बोगस असेलच असं नाही. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालतं. तुमच्या कळपातले दोन्ही जंत, पानासारखे किडे आणि पिशव्यांतली अळी, त्याला दाद देत नाहीत.

पानासारखा तो यकृतातला, म्हणजे काळजातला, पर्णकृमी. त्याची पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि काठच्या गवताला चिकटून बसतात. पाणी हटेल तसा तिथेच हिरवा चारा फुटतो, कळपही तिकडेच वळतो. पोटात गेलेली पिल्लं आतडं भेदून कित्येक आठवडे काळीज पोखरतात, मग पित्तनळीत ठाण मांडून रक्त पितात. रक्तातली प्रथिनं घटली की अंगात पाणी साठतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ते जबड्याखाली उतरतं. पापणी उलटून पाहा, पांढरीफटक दिसेल. गोल जंतांनीही अशी सूज येते, म्हणून आठ-दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या दवाखान्यात द्या आणि साका बसवून तपासायला सांगा. या कृमीची अंडी जड असतात, तरंगवून तपासलं तर हुकतात. पिल्लं अंडी घालत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला तपासणी कोरी येऊ शकते.

औषध पशुवैद्यकाला विचारूनच. ट्रायक्लाबेंडाझोल किलोला १० मिलिग्रॅम, पिल्लंही मरतात. नाहीतर ऑक्सिक्लोझानाइड किलोला १५ मिलिग्रॅम, ३.४ टक्क्यांचं असेल तर ३० किलोच्या मेंढीला सुमारे १३ मिली. ते फक्त मोठे कृमी मारतं, म्हणून आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. डोस अंदाजाने देऊ नका, चार मेंढ्या तरी ताणकाट्याला लावा. कमी डोसाने कृमी सोकावतात. पाजताना मान वर ताणली तर औषध फुफ्फुसात जातं. तोंड जमिनीला समांतर ठेवा. अल्बेंडाझोल हे जंतनाशक गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात नकोच.

पातळ पापुद्र्याची, आत एकच पांढरा ठिपका असलेली पिशवी म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीची (आतड्यातल्या फितीसारख्या जंताची) अळी. जाड भिंतीची, काळजात रुतलेली पिशवी मात्र वेगळ्या पट्टकृमीची. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या काळजातही तशीच गाठ होते. कळपावरच्या कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्या, किलोला ५ मिलिग्रॅम. मेलेल्या मेंढीचं काळीज त्यांच्यापुढे टाकू नका. कुत्रं उकरणार नाही इतकं खोल पुरा. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका, लेकरांनाही लावू देऊ नका.