नागपूरच्या बर्डीतली (सीताबर्डीतली) बंद पडलेली तीन मजली इमारत न पाडता खाली दुकानं, वर ऑफिस आणि घरं करता येतील का?

करता येतील, पण आर्किटेक्टकडे जाण्याआधी जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची आणि भाडेपट्ट्याने दिलेली, आहे का ते बघा. मी नकाशे मंजुरीचंच काम करतो. जुन्या नागपुरात फाइल अडते ती बहुतेक इथेच. नझूलचा भाडेपट्टा निवासी वापरासाठी असेल, तर दुकानांसाठी आधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते. मिश्र वापराला २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जागा आहे, मात्र किती आणि कशाला हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मेट्रो मार्गिकेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात असाल तर जादा एफएसआयचा (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाचा) पर्यायही तपासा, तो मुख्यतः नव्या बांधकामाला उपयोगी. खरी डोकेदुखी पार्किंगची: वापर बदलला की गरज नव्याने मोजली जाते, आणि जुन्या इमारतीला अंगणच नसतं! म्हणूनच पाडून बांधणं सोपं वाटतं. नागपुरातलंच उदाहरण घ्या: १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

हे सगळं स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत दुरुस्त होण्याजोगी निघाली तरच. वारसा यादीत नाव असेल तर वारसा संवर्धन समितीची संमतीही लागेल.