इजिप्त: वैरापेक्षा व्यवहार बघ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

इजिप्तवरचं तुझं प्रकरण वाचलं. मेहनत दिसते, पण मांडणी मला पटली नाही. एकीकडे निधर्मी लष्कर, दुसरीकडे मुस्लिम ब्रदरहूड ही धर्मवादी संघटना आणि दोघांच्या कात्रीत कैरोच्या तहरीर चौकातली जनता, असं तू लिहिलंस. वैर होतंच. पण २०११ ते २०१३ या काळात दोघांमध्ये देवाणघेवाणही भरपूर झाली, आणि ती तुझ्या लेखनात जवळजवळ नाहीच.

११ फेब्रुवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले आणि सत्ता फील्ड मार्शल तंतावींच्या लष्करी परिषदेकडे आली. मार्चमध्ये परिषदेने घटनादुरुस्त्यांवर सार्वमत घेतलं, तेव्हा ब्रदरहूडने बाजूने प्रचार केला. त्या मंजूर होऊन निवडणुका लवकर झाल्या तर संघटना हाताशी असलेल्यांचाच फायदा होता. नोव्हेंबरमध्ये तहरीरजवळच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर आंदोलक मारले जात होते, आणि ब्रदरहूड संसदेचं मतदान तोंडावर आलंय म्हणून त्यातून बाजूला राहिली. हे तू एका ओळीत उरकलंस. तिथे थांब. पुढे, २०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोर्सी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, रस्त्यावरची तरुण मंडळी त्यांच्या मागे का उभी राहिली नाहीत, याचं बरंचसं उत्तर तिथे सापडेल.

१२ ऑगस्ट २०१२ ला मोर्सींनी तंतावींना निवृत्त केलं आणि लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख सिसी यांना संरक्षणमंत्री केलं. नागरी सत्तेचा विजय म्हणून अनेकांनी त्याचं स्वागत केलं. तूही तेच लिहिलंस. पण माणसं बदलली, संस्थेचे अधिकार तसेच राहिले. त्याच डिसेंबरची राज्यघटना काढून वाच. कलम १९५: संरक्षणमंत्री लष्करी अधिकाऱ्यांमधूनच. कलम १९७: लष्कराच्या अंदाजपत्रकावर चर्चा राष्ट्रीय संरक्षण परिषदेत. कलम १९८: लष्कराला बाधा आणणाऱ्या गुन्ह्यांसाठी नागरिकांवरही लष्करी न्यायालयात खटला. उदारमतवादी आणि चर्चचे प्रतिनिधी बाहेर पडल्यावर, इस्लामवाद्यांचं बहुमत असलेल्या घटना समितीने हे मंजूर केलं.

का केलं असेल? माझ्या मते १९५४ ची धास्ती. १९५३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजकीय पक्ष बरखास्त केले तेव्हा ब्रदरहूडला वगळलं होतं. पुढच्याच वर्षी तिच्यावरही बंदी घातली. म्हणून या वेळी लष्कराला दुखवायचं नाही, असा हिशोब दिसतो. आणि ज्यांच्या जिवावर मुबारक गेले त्या लोकांना धरून ठेवायची गरज ब्रदरहूडला वाटली नाही, हे मला आजही अस्वस्थ करतं.

मोर्सींनी नोव्हेंबर २०१२ मध्ये स्वतःचे निर्णय न्यायालयीन छाननीपलीकडे नेले, ही गंभीर चूक होती. त्यांच्याविरुद्धची ३० जून २०१३ ची गर्दीही खरी होती. दोन्ही लिही. पण लष्कराने मोर्सींना हटवल्यावर, १४ ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात धरणं धरून बसलेल्या त्यांच्या समर्थकांचं जे झालं त्याला 'कारवाई' म्हणू नकोस. ह्यूमन राइट्स वॉचच्या तपासानुसार तिथे किमान ८१७ माणसं मारली गेली. ते हत्याकांड होतं, ब्रदरहूडबद्दल तुझं मत काहीही असो.

नवं प्रकरण लिहायच्या आधी २०१२ ची ती कलमं आणि २०१४ ची घटना शेजारी ठेवून वाच. ज्यांनी मोर्सींना हटवलं, त्यांनी ब्रदरहूडने दिलेल्या सवलती तर ठेवल्याच. वर कलम २३४ ने दोन अध्यक्षीय कार्यकाळांपुरती संरक्षणमंत्र्याची नेमणूक लष्करी परिषदेच्या संमतीवर सोपवली. सुरुवात तिथून कर आणि मग मागे २०११ कडे ये. मसुदा झाला की पाठव, मी लगेच वाचेन.

तुझा,
सर