पोटात दुखतंय म्हणून आलेला प्रत्येक पेशंट पोटाचा नसतो

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाची एमबीबीएसची इंटर्नशिप चालू आहे. कॅज्युअल्टीची, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाची, पोस्टिंग संपवून तो घरी आला आणि म्हणाला, "मला इमर्जन्सी मेडिसिनमध्येच एमडी करायचंय." वडील म्हणतात, मग स्वतःचा दवाखाना कधी काढणार? तुमची काळजी निराळी आहे. एका पेशंटला नेमकं काय झालंय हे त्याला कळलं नाही आणि तो दोन रात्री झोपला नाही. "ज्याला निदान जमलं नाही त्याने हीच शाखा घ्यावी का?" असं तुम्ही लिहिलंय.

आधी तुमच्याच प्रश्नाकडे येतो.

पुस्तकात आजाराचं नाव वर असतं आणि लक्षणं त्याखाली. कॅज्युअल्टीत सगळं उलटं. "छातीत भरून आलंय", "अंगात कसंतरीच होतंय", एवढंच हाताशी येतं, आणि कधी तेही सोबत आलेल्या शेजाऱ्याकडून. अशा वेळी डॉक्टर मनाशी विचारतो, यातलं काय असेल तर हा माणूस तासाभरात हातचा जाईल? ते आधी तपासायचं. नाव नंतर.

मधुमेह असलेले आजोबा ॲसिडिटी वाढली म्हणून येतात, दरदरून घाम आलेला असतो. तो हार्ट ॲटॅक असू शकतो, म्हणून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. तोंड वाकडं, हात लुळा झालेला पेशंट आला तर आधी बोटातून रक्त घेऊन साखर बघतात, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब पक्षाघातासारखं दिसू शकतं. आणि खरोखर मेंदूत गुठळी असेल, तर ती विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देतात. तरुण बाईच्या ओटीपोटात दुखत असेल तर ती काहीही म्हणो, गर्भ राहिलाय का याची चाचणी करायचीच. गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर रक्त आतल्या आत जातं.

आपल्या खेड्यापाड्यांतलं उदाहरण तर याहून अवघड आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला मुलगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. अंगावर खूण नाही, सूज नाही. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही. मण्यार हा विषारी साप चावला असेल तर असं होतं, आणि चावल्याचं त्याला कळलेलंही नसतं. "रात्री कुठे झोपला होतास?" हा एक प्रश्न तिथे महागड्या तपासणीपेक्षा मोलाचा ठरतो.

एवढं करूनही कित्येक पेशंट नेमक्या निदानाशिवायच वॉर्डात जातात. त्यामुळे मुलाला निदान आलं नाही, यावरून मी काहीच ठरवणार नाही. मी त्याला एवढंच विचारेन: दुसऱ्या दिवशी त्या पेशंटचं काय झालं हे बघायला तू वॉर्डात गेलास का? गेला असेल तर त्याची ओढ खरी आहे. जायची भीती वाटली असेल तर निर्णयाची घाई नको. मनाचा तेवढा कणखरपणा काहींना अनुभवाने येतो, काहींना येत नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

वडिलांचं म्हणणं मात्र बरोबर आहे. भारतात 2009 मध्ये इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र एमडी शाखा म्हणून मान्य झाली. नीट पीजी ही प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचं एमडी किंवा त्याच तोडीचं डीएनबी करता येतं. पण काम हॉस्पिटलला बांधलेलं: रात्रपाळी, दिवाळीची ड्युटी, आणि आज वाचवलेला पेशंट पुन्हा कदाचित दिसणारही नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी घरं, आपल्या नावाची पाटी, हे ज्याला हवं त्याने जनरल मेडिसिन किंवा बालरोग घ्यावं. मुलाला यातलं काय हवंय, ते तुम्ही दोघांनी त्याच्याकडून शांतपणे ऐकून घ्या.

फॉर्म भरायला अजून अवकाश आहे. तोवर त्याने एक वही करावी. कॅज्युअल्टीतून वॉर्डात गेलेला पेशंट, नाव न लिहिता: तो काय म्हणत आला, मला काय वाटलं, शेवटी काय निघालं. पन्नास पेशंट झाले की वही घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. वडिलांनाही सोबत येऊ द्या.