एका स्वयंगोलावरून जोसेफ योबोची कारकीर्द मोजता येईल का?

आपण विचारले आहे की, 2014 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घालणाऱ्या जोसेफ योबोची गणना नायजेरियाच्या उत्तम बचावपटूंत का होते आणि युरोपात इतकी वर्षे खेळून त्याने नेमके काय मिळवले. माझ्या मते योबोचे मोठेपण एखाद्या सामन्यात शोधू नये. इंग्लंडच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, एव्हर्टन या एकाच क्लबकडून सलग आठ मोसम त्याने आपली जागा राखली, आणि तेही अशा देशातून येऊन, ज्या देशाची कीर्ती तोवर मुख्यतः आघाडीच्या आणि मधल्या फळीतील खेळाडूंवर उभी होती.

आधी त्या स्वयंगोलाविषयी. 30 जून 2014 रोजी ब्राझिलियातील त्या उपउपांत्यपूर्व (शेवटच्या सोळा संघांच्या फेरीतील) सामन्यात 79 व्या मिनिटाला गोलरक्षक व्हिन्सेंट एन्येआमाच्या हातून चेंडू नीट दूर गेला नाही आणि फ्रान्सच्या पॉल पोग्बाने हेडरने गोल केला. नायजेरियाचा पराभव जवळजवळ तिथेच ठरला होता. योबोच्या पायाला लागून चेंडू आत गेला तो इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे 90 मिनिटांनंतरच्या वाढीव वेळेत, फ्रान्सच्या वाल्ब्युएनाने बगलेतून दिलेल्या क्रॉसवर, त्याच संघाचा ग्रीझमन अंगाला भिडून धावत असताना. तो चेंडू सोडून देणे त्याला शक्यच नव्हते. शिवाय त्या स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात तो राखीव खेळाडू होता. इराणविरुद्धच्या त्या सामन्यात बचावपटू गॉडफ्रे ओबोआबोना जखमी झाल्यावर तो मैदानात उतरला आणि पुढे संघात टिकला. आघाडीच्या खेळाडूने दवडलेली संधी प्रेक्षक पुढच्या गोलाबरोबर विसरतात, बचावपटूची चूक मात्र यष्टिरक्षकाच्या सुटलेल्या झेलासारखी वर्षानुवर्षे सांगितली जाते.

योबोचा जन्म 1980 साली रिव्हर्स राज्यातील ओगोनी भागात, कोनो या गावी झाला. पोर्ट हारकोर्टमधून तो 1998 मध्ये, म्हणजे अठरा वर्षांचाही झालेला नसताना, बेल्जियमला गेला आणि स्टँडर्ड लिएज या क्लबमध्ये दाखल झाला. तिथल्या पहिल्या संघातून खेळायला मात्र त्याला 2000 पर्यंत थांबावे लागले. नायजेरियन खेळाडूंना बेल्जियमची वाट नवी नव्हती. 1994 च्या नायजेरियन संघाचा कर्णधार स्टीफन केशी हा स्वतः बचावपटू होता आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लोकेरेन व अँडरलेख्ट या तिथल्या क्लबांकडून खेळला होता. बेल्जियमहून योबो 2001 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय क्लबकडे गेला आणि त्याच काळात स्पेनच्या तेनेरीफ क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, पाठवला गेला. थोडक्या अवधीत इतके देश बदलणारा तरुण खेळाडू बहुधा कुठेच रुजत नाही. योबो रुजला, याचे श्रेय मी त्याच्याइतकेच 2002 च्या उन्हाळ्यात एव्हर्टनच्या व्यवस्थापकाने घेतलेल्या निर्णयाला देईन.

डेव्हिड मॉयेस त्या वर्षी मार्चमध्ये एव्हर्टनला आले होते आणि त्यांनी घेतलेला पहिला खेळाडू योबो होता, आधी लोनवर आणि नंतर कायमचा. त्याआधी जपानमधील कोबे येथे विश्वचषकात स्वीडनविरुद्ध उजव्या बगलेतून त्याने दिलेल्या क्रॉसवर जुलियस अघाहोवाने हेडरने गोल केला होता. त्या गोलानंतर अघाहोवाने मारलेल्या कोलांटउड्या सर्वांच्या लक्षात राहिल्या, क्रॉस देणारा फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. नायजेरियाकडून तेव्हा राइट बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) म्हणून खेळणाऱ्या योबोला एव्हर्टनने प्रामुख्याने सेंटर बॅक (मधला बचावपटू) म्हणून घडवले. वेग हे त्याचे मुख्य भांडवल होते. डेव्हिड वीअर आणि ॲलन स्टब्स हे त्याचे सुरुवातीचे जोडीदार अनुभवी, पण वयाने उतरणीला लागलेले होते. त्यांच्या पाठीमागे पडलेला चेंडू धावून आवरण्यासाठी पायात वेग असलेला कोणीतरी हवाच होता. त्या काळातील योबो अधूनमधून एकाग्रता गमावत असे, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे. 2006 मध्ये जोलियन लेस्कॉट आणि 2007 मध्ये फिल जॅगिएल्का हे बचावपटू आल्यानंतरही तो संघात राहिला. माझ्या दृष्टीने त्याच्या खेळातील हाच सर्वांत परिपक्व काळ होय.

एव्हर्टन हा पैशाने श्रीमंत क्लब नव्हता, तरी 2004-05 मध्ये तो लीगमध्ये चौथा आला, आणि 2006-07 पासूनच्या तीन मोसमांत अनुक्रमे सहावा, पाचवा आणि पाचवा. या यशाचा पाया बचावात होता आणि त्या बचावातील सर्वांत जुन्या चेहऱ्यांपैकी एक योबो होता. नेहमीचा कर्णधार फिल नेव्हिल याच्या अनुपस्थितीत त्याने कर्णधारपद सांभाळले आणि एव्हर्टनचे नेतृत्व करणारा तो पहिला आफ्रिकी खेळाडू ठरला. 2009 च्या एफए कप या इंग्लंडच्या चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो सुरुवातीपासून खेळला. एव्हर्टनच्या लुई साहाने पंचविसाव्या सेकंदालाच गोल केला, तरी चेल्सीने तो सामना 2-1 असा जिंकला, आणि इंग्लंडमध्ये योबोच्या हाती एकही करंडक आला नाही. आपल्या प्रश्नातील ‘काय मिळवले’ या शब्दांचा अर्थ चषक एवढाच असेल, तर इंग्लंडपुरते उत्तर ‘काही नाही’ असेच आहे. पण प्रीमियर लीगमधील दोनशेहून अधिक सामने कोणाला उपकार म्हणून मिळत नाहीत.

या वर्षांत त्याच्यावर मैदानाबाहेरही ओझे होते. 2008 च्या जुलैमध्ये पोर्ट हारकोर्टमध्ये त्याच्या भावाचे खंडणीसाठी अपहरण झाले. भाऊ पुढे सुटला. नायजर नदीच्या तेलसंपन्न मुखप्रदेशात अशा घटना तेव्हा वारंवार घडत होत्या, आणि परदेशात कमावणाऱ्या खेळाडूचे कुटुंब हे तर उघड लक्ष्य होते.

2009 मध्ये सिल्व्हें डिस्टिन आणि जॉन हायटिंगा हे बचावपटू आल्यावर त्याची एव्हर्टनमधील जागा गेली आणि 2010 मध्ये तो तुर्कीतील इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबकडे लोनवर गेला. तिथे नायजेरियन बचावपटूला मोठा मान आहे, कारण नव्वदच्या दशकात उचे ओकेचुक्वु याने त्याच क्लबकडून दीर्घकाळ खेळून चाहत्यांची मने जिंकली होती. योबोला पहिल्याच मोसमात लीगचे विजेतेपद मिळाले. दुसऱ्या आलेल्या ट्रॅबझोनस्पोर क्लबचेही गुण तितकेच, म्हणजे 82 होते. लगेच सामनानिश्चितीच्या चौकशीचे वादळ उठले आणि फेनरबाहचेला त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळता आले नाही. पुढे 2012 आणि 2013 मध्ये फेनरबाहचेने तुर्की चषक जिंकला. 2014 च्या जानेवारीत योबो लोनवर इंग्लंडच्या नॉर्विच क्लबकडे गेला. त्या मोसमाअखेर नॉर्विच प्रीमियर लीगमधून खाली घसरले.

राष्ट्रीय संघाबाबत एवढेच सांगतो की, तो सहा आफ्रिकन चषक स्पर्धांच्या संघांत होता आणि त्यांपैकी चार वेळा, म्हणजे 2002, 2004, 2006 आणि 2010 मध्ये, नायजेरिया तिसऱ्या क्रमांकावर थांबली. 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेत चषक मिळाला तेव्हा तो संघाचा कर्णधार होता, पण प्रशिक्षक केशीने ओबोआबोना आणि केनेथ ओमेरुओ या तरुण जोडीवर भिस्त ठेवली आणि बुर्किना फासोविरुद्धच्या अंतिम सामन्यात योबोला अगदी शेवटी मैदानात पाठवले. कर्णधाराला बाकावर बसवणे तेव्हा अनेकांना कठोर वाटले. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण बत्तिशीतल्या योबोचा वेग कमी झाला होता आणि त्याचा सगळा खेळ त्या वेगावर बेतलेला होता. त्यानंतर जवळपास वर्षभर त्याला संघात बोलावणे आले नाही, आणि 2014 च्या विश्वचषकाच्या तोंडावर केशीनेच त्याला परत घेतले. देशासाठी शंभर सामन्यांचा टप्पा गाठणारा तो पहिला नायजेरियन ठरला आणि फ्रान्सविरुद्धच्या सामन्यानंतर त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. 2020 च्या फेब्रुवारीत, गेर्नोट रोर मुख्य प्रशिक्षक असताना, तो त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक झाला.