इसबगोल घेतलं, तरी पोट गच्च

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका. पोट साफ होत नाही म्हणून पंधरा दिवसांपूर्वी रोज दोन चमचे इसबगोल, सकाळी मोड आलेले कच्चे मूग आणि रात्री ओट्स असं एकदमच सुरू केलं. आता पोट फुगतं, वारा सरत राहतो आणि खडा पूर्वीपेक्षा जास्त होतो. चोथा वाढवूनही असं का? कॅल्शियमची गोळी चालू आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, औषध बरोबर निवडलंत, घाई नडली. आणि पाणी किती पिता, ते लिहिलंच नाहीत! माझ्या सासूबाई बसने पणजीला जायचं असलं की सकाळपासून घोटभरही पाणी घेत नसत, आणि मग दोन दिवस एरंडेलाची बाटली शोधत.

चमचाभर इसबगोल अर्धी वाटी पाण्यात टाकून दहा मिनिटांनी बघा, खळीसारखं घट्ट झालेलं असेल. पोटातही ते असंच पाणी ओढतं. पाणी कमी पडलं की मऊ होण्याऐवजी सगळं अडकून बसतं. तेव्हा सध्या एकच चमचा, मोठ्या पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

वारा होतो तो मुगामुळे. कडधान्यांतला काही चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून वायू सुटतो. मूग अर्धी वाटीच घ्या, तेही शिजवून. ओट्स महिनाभर बाजूला ठेवा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते, पण तो आकडा पंधरवड्यात गाठायची शर्यत नाही. आठवड्याला एकच बदल करा. आधी नेहमीच्या पावाऐवजी पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोळी, म्हणजे गव्हाच्या पिठाचा कोंडा लावलेला गोल पाव घ्या. मात्र वरून कोंडा भुरभुरलेला दिसला म्हणून फसू नका, फोडून बघा. आत पांढरीशुभ्र निघाली तर तो मैदाच. पुढच्या आठवड्यात जेवणात तांबडी भाजी किंवा आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, म्हणजे रस्सा उसळ, मग दुपारी एक पेरू, बियांसकट.

कॅल्शियमच्या गोळीनेही काहींना खडा होतो. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शौचावाटे रक्त गेलं, वजन घटलं किंवा पोटात कळा येऊन वाराही सरेनासा झाला, तर इसबगोल राहू दे, आधी डॉक्टरकडे जा.